मठाने ठेवलेलं नाव

माझ्या सासूबाईंना, म्हणजे हात्सुएबाईंना, एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. बसल्या तरी हात चालूच. बेसबॉलचे ग्लोव्ह शिवायचं काम त्यांनी जन्मभर केलं. एका हातात आरी, दातांत मेण लावलेला दोरा आणि मांडीवर तो भलामोठा चामड्याचा पंजा. टीव्हीवर सामना लागला की खेळाडूचं तोंडही न बघता म्हणायच्या, "अंगठ्याचा टाका बघ कसा ढिला घातलाय मेल्याने. चेंडू सुटणार." आणि चेंडू सुटला की आमच्याकडे अशा रागाने बघायच्या, जणू आम्हीच सोडला.

मी त्या घरात आले ती वरच्या गावातून. वरचं गाव आणि आमची खालची वस्ती यांच्या मध्ये एक ओढा आणि थोडीशी भातशेती, बाकी काही नाही. तरी माझ्या लग्नाला माहेरचं चिटपाखरू फिरकलं नाही. खालच्या वस्तीने पिढ्यान् पिढ्या मेलेली जनावरं सोलली, कातडी कमावली. त्यावरून होणारा भेदभाव जपानच्या कायद्याने केव्हाच पुसला, पण माझ्या वडिलांच्या डोक्यातून तो कायद्याला काही पुसता आला नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे उदोनचा, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांचा, वाडगा ठेवला, वर गाईच्या आतड्याचे तळलेले तुकडे, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खा. घशाखाली उतरलं तर तू इथे टिकशील. उतरत नसेल तर आत्ताच सांग, कुनिओला मी समजावते."

कुनिओ म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. मी वाडगा चाटूनपुसून संपवला. चांगला लागला म्हणून संपवला, त्यांना भिऊन नव्हे. हे त्यांना कधीच पटलं नाही.

आईवडील लवकर गेल्यामुळे सासूबाईंना त्यांच्या आजीने वाढवलं. तिचं नाव ताने. युद्धाच्या दिवसांत ताने वारली तेव्हा सासूबाई लहान पोर होत्या. आमच्याकडे माणूस गेलं की मठाचे महाराज त्याला नवीन नाव देतात. तेच समाधीच्या दगडावर कोरायचं, तेच देव्हाऱ्यातल्या पाटीवर लिहायचं आणि पुढे त्याच नावाने त्याला हाक मारायची. सासूबाईंनी आजीचं ते नाव ऐकून ऐकून पाठ केलं होतं. आमच्या लिपीत एकेका अक्षराला स्वतःचा अर्थ असतो, तो नुसतं ऐकून कळत नाही, आणि त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. शाळेत जेमतेम काही दिवस गेल्या, तिथे त्यांना मागच्या भिंतीशी वेगळं बसवलं, म्हणून आजीनेच हाताला धरून घरी आणलं. रोज सकाळी चहात शिजवलेली पेज देव्हाऱ्यापुढे ठेवायची, घंटी वाजवायची आणि ते नाव घ्यायचं. एरवी साध्या बोलण्यालाही धार असलेली ही बाई, पण ते नाव घेताना आवाज अगदी मऊ व्हायचा. मला सुरुवातीला वाटायचं, आत दुसरंच कुणी बोलतंय.

सासूबाईंची पन्नाशी उलटल्यावर वस्तीत मोठ्या बायकांसाठी अक्षरवर्ग सुरू झाला. कुनिओने त्यांना अक्षरशः ढकलून पाठवलं. आधी कुरकुर, मग असं वेड लागलं की घरात राहणं मुश्कील. दिसेल ते वाचायच्या. न्हाव्याची पाटी, औषधाची बाटली, माझ्या एप्रनच्या आतली धुण्याची सूचना.

"नोरिए, ह्या सोया सॉसच्या बाटलीवर एवढं लिहिलंय, आणि तू मला कधी बोलली नाहीस!"

"आई, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मीठ किती, पाणी किती."

"ते मी ठरवीन ना, सांगण्यासारखं आहे की नाही!"

त्या शरदात पितरांच्या आठवड्यात आम्ही दोघी मठात दगड धुवायला गेलो. वस्तीचे दगड आवाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बांबूंच्या मागे, जिथे वरच्या सगळ्या दगडांवरचं पाणी वाहत येतं. सासूबाई ब्रशने शेवाळ काढत होत्या आणि काढता काढता वाचत होत्या. ब्रश थांबला. ओल्या बोटाने त्यांनी एका अक्षराची रेघन् रेघ गिरवली.

"जनावर," त्या म्हणाल्या.

त्या पुढचं अक्षर वाचून परत मागे आल्या.

"जनावरच आहे. वर्गात आत्ताच शिकवलंय. बाईंनी फळ्यावर बैल काढला होता." मग उठून शेजारच्या दगडापाशी गेल्या. तिथे 'नीच'. त्याच्या पलीकडे 'कातडं'. वर चढून गेल्या, माझ्या माहेरच्या लोकांच्या दगडांमध्ये, आणि एकेक वाचत सुटल्या. चंद्र. कमळ. निर्मळ झरा. परत खाली आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"इतकी वर्षं मी तिला रोज सकाळी उठून जनावर म्हणतेय," त्या म्हणाल्या. "वर पेज देऊन."

तशाच निघाल्या, हातात ठिबकता ब्रश घेऊन, थेट महाराजांच्या ओसरीवर. तेव्हाचे महाराज म्हातारे, गोड बोलणारे. त्यांनी बसवलं, चहा दिला, तांदळाच्या पिठाचं गोड ठेवलं आणि समजावलं, की ह्या अक्षराचा अर्थ तसा घ्यायचा नसतो, त्यात सगळ्या मुक्या जिवांबद्दलची करुणा आहे.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "मग तुमच्या वडिलांच्या नावात का नाही घातली ती करुणा? त्यांचा दगड आत्ताच वाचून आले मी."

सासूबाई गोडाला हात न लावता उठल्या. घरी येईपर्यंत इतक्या भराभर चालत होत्या की मी मागे पडले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना ते नाव घेता येईना. आणि दुसरं कुठलं नाव घ्यायचं तेही कळेना. 'ताने' म्हणून हाक मारली तर मेलेल्याला ऐकू जात नाही, अशी आमची समजूत. पेज ठेवायच्या, घंटी वाजवायच्या आणि तोंड मिटून उभ्या राहायच्या. पेज गार व्हायची. मग स्वतःवरच चिडल्यासारख्या वाडगा उचलून चालू पडायच्या. मला ते बघवत नसे. मठाबद्दल माझ्या मनात जी काही भीड होती ती त्या गार वाडग्यांपायी संपली.

कुनिओने मात्र लढा मांडला. सभा, निवेदनं, मुख्य मठाच्या फेऱ्या. इतर गावांतूनही अशी नावं निघाली आणि प्रकरण मोठं झालं. आमच्या घरात त्या वर्षांत जेवण कधी शांतपणे झालं नाही. फोन वाजायचा, नाहीतर कुणीतरी शिव्यांची चिठ्ठी दारात टाकून जायचं. कुनिओची मागणी सरळ होती: ही अक्षरं जायला हवीत. सासूबाई त्याच्या सभांना जात नसत. "तुझं चालू दे," म्हणायच्या आणि दुप्पट जोराने आरी खुपसायच्या.

अखेर मुख्य मठाने माफी मागितली. छापील. म्हातारे महाराज तोवर वारले होते, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा दोशिन आला होता. ह्या दोशिनला सासूबाईंनी बेसबॉल खेळताना नाक फोडून घेतलेला पाहिलेला, त्याचा पहिला ग्लोव्हही त्यांनीच शिवलेला. तो घरी आला, तातामीच्या चटईवर कपाळ टेकवून माफी मागितली आणि सगळी योजना सांगितली. वस्तीतल्या मृतांना नवीन, मानाची नावं. नवा, एकच मोठा दगड. जुने दगड मुख्य देवळाच्या मागे खड्ड्यात सन्मानाने पुरायचे. कुनिओचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"नव्या दगडावर काय लिहिणार?" सासूबाईंनी विचारलं.

दोशिनने कागद काढला. "'काळाच्या ओघात घडलेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त करून...'"

"हा काळ कोण?"

"अं?"

"नाव त्याने ठेवलं म्हणतोस ना. कुठे राहतो तो? मला भेटायचंय त्याला."

कुनिओ वैतागला. "आई, छापील माफी आलीय. मुख्य मठाच्या महाराजांच्या सहीची. आणखी काय पाहिजे तुला?"

"छापील मला नको. नाव तिला तोंडाने दिलं, घंटा वाजवून, सगळ्यांसमोर. मी होते तिथे. दगड मातीत जाण्याआधी कुणीतरी तोंडानेच सांगू दे, की ही बाई माणूस होती आणि हिला जनावर आम्ही म्हणालो. आम्ही, म्हणजे ह्या मठाने. एवढंच. एकदा दगड गाडला की कोण सांगणार आहे?"

दोशिन मान खाली घालून म्हणाला, "काकू, वरच्या गावाला ते चालणार नाही." आणि ते खरंच होतं. मठाच्या पंचांचा प्रमुख माझा सख्खा भाऊ तामोत्सु. मठाचं छप्पर त्याच्या गावाच्या देणग्यांवर शाकारलेलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सासूबाई रोज मठात जाऊन त्या दगडापाशी उभ्या राहायच्या, परत यायच्या, अर्धा ग्लोव्ह शिवायच्या, टाके उसवायच्या, पुन्हा जायच्या. कुनिओशी बोलणं बंद. तो मला म्हणायचा, "वीस वर्षं घासली मी ह्यात, आणि माझीच आई आडवी येतेय." मी दोघांमध्ये भरडले जात होते. मनातून मला वाटत होतं की म्हातारीने आता हट्ट सोडावा. आणि मनातूनच हेही कळत होतं की तिचं बरोबर आहे. ह्या दोन्हीमुळे मला रात्रंदिवस नुसती चिडचिड.

विधीच्या दिवशी सगळे जमलो. वरचं गाव काळ्या सुटांत एका बाजूला, आम्ही वस्तीतले दुसऱ्या बाजूला, मध्ये बांबू. वस्तीतल्या बऱ्याच घरांतली माणसं ओसाकाला निघून गेलेली, त्यामुळे त्या दगडांपैकी ज्याला विचारणारं कुणी जिवंत माणूस उरलं होतं, असा तानेचा एकच. पाथरवटाने दगडांना दोर बांधून ठेवले होते. दोशिनने नवी नावं वाचली. छान होती, चंद्र वगैरे. पाथरवटाने दोर हातात घेतला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "दोशिन, दगडातून जीव काढलास का?"

हे विचारणं रीतीला धरूनच होतं. मेलेलं माणूस दगडात असतं. महाराज त्याला हाक मारून बाहेर बोलावतात, तेव्हा कुठे तो नुसता दगड होतो. त्याआधी त्याला तसूभरही हलवायचा नसतो, पुरणं तर लांबच.

"काढला काकू. काल संध्याकाळी, एकट्यानेच. यथासांग."

"कुठल्या नावाने हाक मारलीस?"

दोशिनने पाथरवटाकडे पाहिलं.

"नवीन नावाने?"

"नाही... ते तर आज दिलं."

"मग जुन्या?"

तो पार लाल झाला. "काकू, ती अक्षरं उच्चारायची नाहीत असं मुख्य मठाने कळवलंय. अपमान होतो. म्हणून मी... सगळ्यांना मिळून हाक मारली. 'इथे निजलेल्या सर्वांनो,' अशी."

"इथे निजलेल्या सर्वांनो!" सासूबाई म्हणाल्या. "स्टेशनवर गाडी उशिरा येतेय म्हणून सांगतात, तसं? अरे, तिला काय कळणार तू तिला बोलावतोयस? जिवंतपणी कुणी तिला 'सर्व' म्हणालं नाही. तुम्ही एक नाव दिलंत, तेवढंच तिला ऐकू येतं. ती आहे आतच."

पाथरवटाने दोर हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आत असतील तर मी नाही हात लावायचा. आमच्या मेव्हण्याने एकदा लावला, त्याची कंबर अजून सरळ होत नाही."

तेव्हा तामोत्सु पुढे आला. इतक्या वर्षांत माझ्याकडे न बघायची त्याला चांगली सवय झालेली. तो सासूबाईंकडेच बघत बोलला. "हे बघा बाई. ज्यांनी नाव ठेवलं ते मेले. ज्यांना ठेवलं त्याही गेल्या. ह्या पोराचा काय दोष? आजच्या मठाने का म्हणून मान खाली घालायची? कशाला उकरून काढायचं जुनं?"

"दोन वर्षांपूर्वी मठाचा चारशेवा उत्सव झाला," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच भाषण केलंत. 'हा मठ आम्ही बांधला, दुष्काळात आम्ही गावाला जेवू घातलं.' चारशे वर्षांपूर्वी होतात का तुम्ही? तेव्हा 'आम्ही', आणि माझ्या आजीचा विषय निघाला की 'ते मेले'. अशी कशी सोयीने मरतात हो तुमची माणसं?"

आमच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मीच असेन.

"आई, पुरे आता," कुनिओ म्हणाला.

"तू गप्प बस. तू अक्षराशी भांडलास, चांगलं केलंस, माझी ना नाही. पण अक्षर आपोआप दगडावर चढून बसत नाही रे. मी ते ठेवणारा हात शोधतेय." मग त्या दोशिनकडे वळल्या आणि आवाज एकदम उतरला. "आणि तो फार जुनाही नाही. तुझे आजोबा होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला त्या दिवशी. थंडी होती, हात गरम होता. मला वाटलं, किती चांगले आहेत. तिला काय म्हणालेत ते मला कुठे कळत होतं!"

आजोबांचं नाव निघालं तेव्हा दोशिनच्या चेहऱ्यावरून माफीचा तो शिकवलेला भाव गेला. राहिला तो नाक फुटलेला मुलगा. तो दगडापुढे गेला. घंटा हातात घेतली, वाजवली नाही. मग त्याने तानेआजीचं मठाने ठेवलेलं नाव घेतलं, पूर्ण, पहिल्या अक्षरापासून, वरच्या गावातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "ह्याचा अर्थ जनावर," तो म्हणाला. "तुम्ही माणूस होतात, हे माहीत असून ह्या मठाने तुम्हाला हे नाव दिलं. माझ्या आजोबांनी दिलं. माझ्या वडिलांना माहीत होतं, तरी ते खोटं बोलले. काल मीही चोरून विधी उरकला. तुम्हाला आता ह्यातून बाहेर यायची विनंती आहे."

मला रडू आलं. कुनिओ तर सरळ खाली बसला. इतकी वर्षं तो ज्या एका गोष्टीमागे धावत होता ती हीच होती, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण तो मान हलवत होता आणि आईकडे बघत होता. सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांचे हातही, बहुधा पहिल्यांदाच, रिकामे आणि स्थिर होते.

एवढं झालं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण वरच्या गावाच्या बाजूने एक मोठा निःश्वास आला. कुणी घड्याळात पाहिलं, कुणी जेवणाचे डबे सोडायला घेतले, आणि तामोत्सु हात झटकत म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं. आता कुणाला कसली तक्रार नाही ना? धरा रे दोर. गाडून टाका आणि मोकळे व्हा."

सासूबाईंनी डोळे उघडले. तो चेहरा मला चांगला ठाऊक आहे. ढिला टाका दिसला की असा व्हायचा. त्या गुडघे टेकून दगडाशी बसल्या, तोंड अगदी त्या अक्षरांजवळ नेलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते नाव घेतलं, तसंच मऊ आवाजात. मग म्हणाल्या, "आजी, बाहेर येऊ नकोस. आतच बस. बाकीच्यांनाही सांग."

"हे काय, हे काय चालवलंय?" तामोत्सु ओरडला. "महाराज, सांगा हिला! विधी झालाय!"

"झाला," सासूबाई म्हणाल्या. "बोलावणं झालं. पण तिचं यायचं मन नाही. मी तिची नात, मला कळतं. जीव आत आहे, दगड हलवायचा नाही. रीत तुमची आहे, माझी नाही."

पाथरवट खाली वाकून दोर सोडायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तामोत्सु दोशिनकडे बघत राहिला, आणि दोशिन सासूबाईंकडे.

"मग मी आता काय करू, काकू?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, त्यात कसलाही आव नव्हता.

सासूबाई गुडघ्यावरची माती झाडत उठल्या. "काय करायचं? रोज सकाळी ये इथे. आज मारलीस तशीच हाक मार, मोठ्याने, नाव कुणी ठेवलं ते सांगून. यायचं की नाही ते तिचं ती बघेल."